पहिल्या ओळीतलं नाव

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. येरमाळ्याजवळ एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. रजा काढून धाराशिवला विद्यापीठाच्या केंद्रात संगणकीय जीवशास्त्राला नाव घातलं. वर्गात बाकी सगळी विशी-बाविशीतली पोरं. माझ्या बाकावर तुळजापूरची एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचं मंदिराच्या वाटेवर कुंकवाचं दुकान. ती मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची, आणि मला संगणकातलं फारसं कळत नाही हे तिनं पहिल्याच तासाला ओळखलं होतं.

सरांनी सुरुवातीलाच नियमांचा कागद वाटला होता. शंभरातले साठ गुण गृहपाठांना. आपसात खुशाल चर्चा करा, पण प्रोग्राम ज्याचा त्यानं लिहायचा. कुणाची मदत घेतली तर पहिल्या ओळीत त्याचं नाव टाकायचं. दुसऱ्याची फाईल वापरली तर घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही शून्य.

तिसरा गृहपाठ शेळ्यांचा होता. उस्मानाबादी शेळी आणि दुसऱ्या एका जातीची शेळी, दोघींच्या एकाच जनुकाची अक्षरं शेजारी ठेवून कुठं जुळतात, कुठं नाही, ते प्रोग्रामनं शोधायचं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर शेळ्या राखल्या; ते कान बघून जात सांगतात. मला मात्र चार दिवस तो प्रोग्राम जमेना. मधलं एखादं अक्षर गळालेलं असलं की पुढची सगळी जुळणी घसरायची. तिनं कॅन्टीनमध्ये वहीत चौकटी आखून दोनदा समजावलं. तरी डोक्यात शिरेना. शेवटी माझा रडवेला चेहरा बघून म्हणाली, "ताई, माझी फाईल पाठवते. नुसती बघा आन् मिटा."

मी बघितली आणि मिटली. मग स्वतः लिहायला बसले, तर भराभर सुचत गेलं. पुन्हा वाचताना कळलं, मधल्या दहा-बारा ओळी तिच्याच होत्या, फक्त हात माझा.

सकाळी एसटीत बसून फाईल पाठवली. त्याआधी पहिल्या ओळीत तिचं नाव घातलं आणि लिहिलं, 'हिची फाईल पाहिली. मधला भाग तिच्यासारखाच आला आहे.' कॉपी करू नका म्हणून मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले; खोटं कसं लिहिणार? लिहून झाल्यावर छातीवरचा दगड उतरला. तिला कळवावं, हे मनातसुद्धा आलं नाही.

दोन दिवसांनी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. ते माझ्यापेक्षा वयानं लहान. मला बसा म्हणाले आणि तिला विचारलं, "फाईल दिली होतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. काय झालं असावं ते तिला तेव्हा समजलं. "व्हय सर."

"सर, शून्य मला द्या," मी म्हटलं. "तिनं माझ्यावर दया केली, एवढाच तिचा गुन्हा."

सर टेबलावरचं पेन फिरवत म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं. पण आता लिहिलंय. नियम देणाऱ्यालाही आहे. आज सोडलं तर उद्या कुणाला काय सांगू?"

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझी बस हाय," आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या रांगेत बसायला लागली.

मागच्या बाकावरच्या चौघांचा प्रोग्राम एकच होता, आतल्या व्हेरिएबलची नावं तेवढी बदललेली. त्यांना पूर्ण गुण मिळाले. मला ते माहीत होतं. सांगायला म्हणून एकदा सरांच्या दारापर्यंत गेले. पण मला न्याय हवा होता की आमच्या सोबतीला आणखी चार शून्यं, ते माझं मलाच कळेना. तशीच परत फिरले.

चौथ्या गृहपाठाला वर्गात एकानंही कुणाचं नाव लिहिलं नाही. "कुणालाच कुणाची मदत लागली नाही?" सरांनी विचारलं. कुणी मान वर केली नाही. मीही नाही.

मी पास झाले. मला तेवढंच पुरेसं होतं. तिला पुण्याला पुढं शिकायला जायचं होतं. त्याला लागणारी श्रेणी थोडक्यात हुकली.

चैत्रात ती आईबरोबर येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला आली, तेव्हा घरी येऊन गेली. चहा झाला. सासऱ्यांनी हौसेनं तिला शेळ्या दाखवल्या. ती हसत होती, करडांना कुरवाळत होती. सोलापूरला एका लॅबमध्ये कामाला लागल्याचं तिनं सांगितलं. त्या शून्याचा विषय मात्र कुणीच काढला नाही. दोघींना स्टँडवर सोडायला गेले. आई गाडी लागली का बघायला पुढं गेली, तेव्हा मी म्हटलं, "माझ्यामुळं तुझं लई नुकसान झालं."

"तुमी खोटं लिहायला पायजे होतं, असं न्हाय म्हणत मी," ती म्हणाली. "पर पाठवायच्या आधी मला एक फोन करायचा होता, ताई. मी बी माझ्या फाईलवर तुमचं नाव लिहिलं असतं. मग सरांम्होरं दोघी मिळून गेलो असतो."

सोलापूरची गाडी लागली होती. तिनं आईला हात देऊन वर चढवलं आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.