पळून गेलेल्या बाईची जाहिरात

मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा मी इंदूरला कॉलेजात इतिहास शिकत होते. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या पुस्तकात जुन्या वर्तमानपत्रातली एक जाहिरात छापली होती. एक गुलाम बाई लेकराला घेऊन पळाली होती आणि मालकाने तिला पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी मी ती जाहिरात माझ्या विधवा आत्याला मराठीत सांगितली.

"मग सापडली का गं ती?" आत्याने विचारलं.

"पुस्तकात नाही लिहिलेलं."

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. "जाहिरात दिली म्हणजे हाती नव्हतीच लागली ना! बस, निकल गई वो!" ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, मला पुढे शिकायचंय."

 वडील म्हणाले, "शीक."

पुढे आत्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली.