लॅमिनेशन केलेला परवाना

पहिल्यांदा परदेशी जायचं ठरलं तेव्हा आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून मला दोनच वर्षं झाली होती. आपल्या सरकारने सिंगापूरशी व्यापाराचा करार केला होता आणि त्यात मालासोबत आमच्यासारख्या माणसांचीही सोय होती. कंपनीच्या कामासाठी ठरलेल्या मुदतीपुरतं तिकडे जायचं आणि मुदत संपली की मुकाट्याने परत यायचं. माझी मुदत तीन महिन्यांची होती, पण मी आमच्या विश्रांतवाडीत अशा थाटात फिरत होते की करारावर सही मीच केली असावी. वाण्याला 'तात्पुरता प्रवेश' म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. इस्त्रीवाल्यालाही समजावायला गेले, तर तो म्हणाला, "म्हणजे परत येणार ना? मग मागचं बिल आल्यावर द्या."

परवान्याचं पत्र कुरिअरने आलं. ऑफिसात व्हिसाचं काम बघणाऱ्या मॅडमनी ते माझ्या हातात ठेवलं. "हे मूळ पत्र आहे. तिकडच्या विमानतळावर यावर शिक्का मारतात. शिक्का नाही तर प्रवेश नाही, मिळेल त्या विमानाने परत. तेव्हा हरवू नका, दुमडू नका, चहा सांडू नका."

चौथी शक्यता त्यांनाही सुचली नाही.

माझे पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. तरुणपणी त्यांची वरच्या जागेसाठी निवड झाली होती. मूळ दाखले घेऊन या म्हणून बोलावणं आलं, गावाकडची पेटी उघडली, तर शाळा सोडल्याचा दाखला वाळवीने खाल्लेला. नवा दाखला मिळेपर्यंत जागा दुसऱ्याला गेली. पप्पा कारकूनच राहिले. तेव्हापासून आमच्या घरात येणारा प्रत्येक महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये जायचा. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, माझी डिग्री, एवढंच काय, आईचं शिवणकामाचं प्रमाणपत्रसुद्धा.

विमानाच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर पप्पा दारातच उभे होते, एक हात पाठीमागे. "बघ," म्हणाले आणि हात पुढे केला. माझं पत्र लखलखत होतं. पप्पा बसने अप्पा बळवंत चौकात जाऊन दुकानातल्या सगळ्यांत जाड प्लास्टिकमध्ये त्याचं लॅमिनेशन करून आले होते.

मी खाली बसले. "पप्पा, यावर शिक्का मारायचाय."

"यावर?"

"यावरच. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलेच. माझा राग असा पटकन फुटतो आणि नंतर मलाच त्याची लाज वाटते. आईने पत्र इडलीपात्राच्या वाफेवर धरलं, मग इस्त्री फिरवली, मग सुरीने एक कोपरा उचकटला. प्लास्टिकबरोबर कागदाचाही पापुद्रा निघायला लागला. "राहू दे," ती म्हणाली, "आहे तेवढं तरी धड जाऊ दे." आणि तिला हसू फुटलं. तिचं बघून मलाही. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पप्पा हसले नाहीत.

मॅडमना फोन केला. "फ्रेम नाही केलीत? भिंतीला छान दिसलं असतं." मग म्हणाल्या, "नवीन पत्राला दोन आठवडे लागतील, काम सोमवारी सुरू होतंय. हेच घेऊन जा. परत पाठवलं तर आम्ही दुसऱ्याला पाठवू."

दुसऱ्या दिवशी निघताना आईने हात जोडून त्रिसरण म्हटलं. पप्पांनी बॅग गाडीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यामुळे तुझं अडलं तर..."

सिंगापूरच्या काउंटरवर एक वयस्क अधिकारी होते. त्यांनी शिक्का मारला. तो प्लास्टिकवरून घसरला. पुसून पुन्हा मारला, तर अंगठा निळा झाला. त्यांनी शेजारच्या बाईंना पत्र दाखवलं. बाईंनी ते टेबलावर आपटून बघितलं, चांगला आवाज आला. मला भीतीने हसू यायला लागलं. मी गाल आतून चावून धरले.

"हे कोणी केलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

"का?"

प्रोजेक्टबद्दलची सगळी उत्तरं मी इंग्रजीत पाठ करून गेले होते. हे त्यात नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. त्यांचा एक दाखला वाळवीने खाल्ला, आणि त्यांची वरची जागा गेली.

अधिकाऱ्यांनी आधी निळा अंगठा पुसला. मग पासपोर्टवर शिक्का मारला, आणि पत्रावर तिसऱ्यांदा, अगदी हळू, दाबून धरून. कडा धरून पत्र माझ्याकडे दिलं. "वाळेपर्यंत हात लावू नका."

मी ते दोन्ही हातांवर आडवं धरून, त्यावर फुंकर घालत चालत सुटले. माझी बॅग पट्ट्यावर चकरा मारत होती, पण उचलायला हात मोकळा नव्हता. शिक्का वाळल्यावर बूथवरून फोन केला तेव्हा पप्पांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"मारला शिक्का."

"पुसला तर जाणार नाही ना?" पप्पांनी विचारलं.

तीन महिन्यांनी परत आले तोवर शिक्का खरंच अर्धा उडाला होता. दुसऱ्या दिवशी पप्पा पत्र घेऊन निघाले. या वेळी मीही त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने पत्र उलटंपालटं केलं. "काका, याला आधीच केलंय की लॅमिनेशन."

"हो," पप्पा म्हणाले, "पण तेव्हा शिक्का नव्हता."