वायपरच्या दांड्यानं ताट सरकवणारा

बायांनो, आज मी दवाखान्यात सुधाकरले वायपरच्या दांड्यानं हाणलं. त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. दुसऱ्याकडून ऐकाल त्यापेक्षा मीच लिहून राहिली.

मी वॉर्डात आया आहो, तो अटेंडंट. कोरोनात त्यानं कंबरदुखी सांगून दरवाज्याबाहेरची ड्युटी घेतली. आमचं जेवणाचं ताट तो वायपरच्या दांड्यानं आत सरकवे, कुत्र्याले टाकल्यासारखं. त्याच्या वाट्याचे पेशंट मी अन माझ्यासंगची आया शोभा उचलत होतो. शोभा कोरोनानं त्याच वॉर्डात मेली.

आज चहाच्या वेळी तो नवीन पोरींले सांगून राहिला होता, "शोभा बेफिकीर होती. मास्क घाले नाही. आम्ही तं जिवावर उदार होऊन काम केलं."

मी म्हटलं, "आत कधी आला होता गा तू?"

"जाऊ द्या ना काकू, मेलेल्या बाईसाठी काहून भांडता?" म्हणून हसला.

वायपर बाजूलेच होता, उचलला अन हाणला. सुधाकर खाली पडला तरी मी थांबली नाही. पोरींनी ओढलं मले.

मेट्रन मॅडम म्हणते, उद्या सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतं घरी बस. घरात कमावणारी मी एकटीच आहो.

सांगा, मागू का माफी? मागितली तं जवळ जाऊन नाही मागणार. कागदावर लिहीन अन वायपरच्या दांड्यानं त्याच्यापुढं सरकवीन.