चाचांची वाढीव वॉरंटी

अख्ख्या कुवेतमध्ये गाडीच्या वॉरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस एकच असेल, आणि तो अबू हलीफात आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. शुऐबाच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीत वर्षानुवर्षं स्टोअरकीपर. वाचलं म्हणजे कळलं असं मात्र समजू नका. कळून घ्यायला ते माझ्याकडे येत, कारण मी जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे आणि रोज रिपोर्ट वाचणाऱ्याला कुठलंही इंग्रजी कळतं, अशी त्यांची समजूत. मला ते ‘डॉक्टर’ म्हणत. दहादा दुरुस्त करून मी नाद सोडला. पुस्तक उघडून एका कलमावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, “डॉक्टर, हा ‘परंतु’ आपल्या बाजूचा हाय, की त्यांच्या?” मी ते कलम तीनदा वाचून काहीतरी सांगे, चाचा मान डोलवत, आणि उठताना आम्ही दोघंही बसतानापेक्षा जास्त गोंधळलेले असू.

गाडी म्हणाल तर दोन दारांची, आठ सिलिंडरची, जमिनीला टेकलेली. सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या कपाटातले कप वाजत. ती वेगाने पळण्यासाठी बनवली होती, आणि चाचा ती ऐंशीच्या पुढे नेत नसत. मागून पाण्याचे टँकर हॉर्न देत पुढे जायचे. त्यांचा जुना मॅनेजर निवृत्त होताना स्वस्तात देऊन गेला, तेव्हाच ती सहा वर्षांची होती. मी एकदा विचारलं, “चाचा, ही हौस कशी काय सुचली?” तर म्हणाले, “जन्मभर सुटे पार्ट मोजले हो. म्हटलं, एकदा सगळे एका जागी जोडलेले आपल्या दारात असू देत.”

सगळ्यात मोठा घोळ सर्व्हिसिंगचा. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा गाडी एजन्सीत न्यायचीच, नाहीतर वॉरंटी बाद. चाचांचं घर ते स्टोअर एवढंच धावणं, त्यामुळे वर्ष नेहमी आधी संपे आणि तीन-चार हजार किलोमीटर शिल्लक राहत. दहा हजार किलोमीटरचे पैसे भरलेत, मग उरलेले त्यांच्या घशात का घालायचे, हा चाचांचा सवाल. सर्व्हिसिंगच्या आधीच्या महिन्यात चाचा किलोमीटर संपवायला बसत. बिल्डिंगमधल्या कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाला जाब्रियाला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, चाचा हजर. लोकही हुशार झाले. माझ्या बायकोने अक्कलदाढ सहा महिने तशीच ठेवली होती, चाचांचा महिना येईपर्यंत. मागच्या सीटवर शिरायला आधी डोकं, मग एक पाय आणि शेवटी उरलेलं शरीर अशी कसरत होती, ती वेगळी. पेट्रोलला किती गेले, हे मी एकदा विचारलं. चाचा पुस्तक चाळून म्हणाले, “ता वॉरंटीत येत नाय.”

दुसरा नियम असा, की एजन्सीखेरीज कुणाचा हात गाडीला लागता कामा नये. पुस्तकात हे इंजिनाबद्दल होतं, चाचांनी ते काचेपर्यंत नेलं. वायपरचं पाणीही दुसऱ्याला भरू देत नसत. एका ऑगस्टात भर दुपारी माझ्या गाडीची बॅटरी बसली. मी म्हटलं, चाचा, तुमच्या बॅटरीला वायर जोडू. ते धावत वर गेले, पुस्तक घेऊन आले, पार्किंगमध्येच चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “नाय जमायचं, डॉक्टर. पण ढकलायला पुस्तकाची हरकत नाय.” माझी गाडी ऑटोमॅटिक, ढकलून सुरू होणारी नव्हेच. हे त्यांना पटवेपर्यंत त्यांनी ती एकट्याने गेटापर्यंत ढकलत नेली होती.

गाडी नऊ वर्षांची झाली आणि शेवटचं वर्ष आलं. दहा वर्षं पुरी होईपर्यंतच वॉरंटी वाढवून मिळते, आणि दर वाढीआधी एजन्सी गाडी तपासते. तिचा एखादा पार्ट गेला तर वॉरंटीशिवाय चाचांचा अर्ध्या वर्षाचा पगार गेला असता, म्हणून त्यांनी गावी चाचींना शब्द दिला होता: वॉरंटी आहे तोवर गाडी, संपली की विकायची. एरवी त्यांनी एका वर्षासाठी एवढी धडपड केली नसती. पण त्या डिसेंबरात चाची आयुष्यात पहिल्यांदा कुवेतला येणार होत्या. व्हिजिट व्हिसा निघाला होता. चाचींना त्या गाडीत बसवून समुद्राकाठच्या रस्त्याने न्यायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं होतं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात दसरा आला. बायकोने खाली आमच्या गाडीची पूजा केली. चाचा बाजूला उभे होते. म्हणाले, “वहिनी, आमच्या गाडीला पण दुवा द्या.” ज्या गाडीला मी बोट लावलेलं चालत नसे तिला तिने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. एवढ्यावर भागलं असतं, पण चाचांनी स्वतः बॉनेट उघडलं. “इथं घाला. खरा काम इथंच होता.” बायकोने कुंकू लावलेल्या अक्षता मूठ भरून इंजिनावर टाकल्या. चाचांनी आधी पुस्तक बघून घेतलं होतं. तांदळाबद्दल त्यात काही नव्हतं.

तपासणीला मी सोबत गेलो, इंग्रजीसाठी. सुपरवायझर मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, मेकॅनिकांकडून हिंदी शिकलेला. अर्ध्या तासाने त्याने आम्हाला आत बोलावलं आणि एअर फिल्टरचा डबा दाखवला. कोपऱ्यात तांदळाचे दाणे.

“इधर चूहा रहता,” तो म्हणाला. मग एक दाणा उचलून उजेडात धरला. “लाल है. चूहा जखमी भी है.”

त्याने कलम काढून दाखवलं. उंदीर वायरी खातात, म्हणून उंदरांचा वावर असलेल्या गाडीची वॉरंटी वाढत नाही. मी पुढे झालो. दोन वाक्यांचं काम होतं: आमच्यात सण असतो, माझ्या बायकोने पूजा केली, हे तांदूळ तिचे. तोंड उघडलं तोच चाचांनी माझा दंड धरला.

“चूहा नहीं,” ते म्हणाले. “मेरा खाना है. मैं इंजिन पर बिर्याणी गरम करता.”

सुपरवायझरने दाणा दातांखाली धरून बघितला. “कच्चा है.”

“पक रहा था,” चाचा म्हणाले.

सुपरवायझरने पुस्तक पुन्हा उघडलं. मग त्याने शांतपणे दुसरं कलम काढलं. गाडीचा भलत्या कामासाठी वापर. त्याने नामंजूर असं लिहिलं आणि चाचांनी खाली सही केली. मला तर काय चाललंय तेच कळेना.

बाहेर आल्यावर मी चिडलो. “चाचा, खरं सांगितलं असतं तर त्याने साफ करून दिली असती!”

“त्यानं लिवला असता, तांदूळ कुणी टाकला. वहिनींचा नाव त्यांच्या फॉर्मात, दोषाच्या रकान्यात?” चाचा म्हणाले. “त्यांनी दुवा दिलीय हो.”

“मग निदान डिसेंबरपर्यंत विकू नका. कोण विचारतंय?”

“मी शब्द दिलाय. आणि वॉरंटी नसलेल्या गाडीत तिला बसवू?”

पुढच्याच आठवड्यात एक कुवेती तरुण येऊन गाडी घेऊन गेला. चाचांनी सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाइल पुढे केली, तर तो हसून म्हणाला, याची काही गरज नाही. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत चाचा ती फाइल धरून गेटापाशी उभे होते. मग म्हणाले, “आता जोरात चालवील कुणीतरी.” माझ्या बायकोला त्यांनी सांगितलं की कंपनीची बस दारातून जाते, गाडी हवीय कशाला.

डिसेंबरात चाची आल्या. छान ऊन होतं. मी माझ्या लहानशा गाडीतून सगळ्यांना समुद्राकाठच्या रस्त्याने नेलं. चाचा माझ्या शेजारी, बायका मागे. बायको चाचींना म्हणाली, “तुम्ही त्या गाडीत बसायला हव्या होतात. मी दसऱ्याला एवढी मनापासून पूजा केली, पण माझंच कुठे काहीतरी चुकलं असणार.”

“काय चुकला नाय, वहिनी,” चाचा समोर बघत म्हणाले. “चांगल्या माणसाच्या हाती गेली. ती तुमची पूजाच.”

चाची म्हणाल्या, हिच्यातूनही समुद्र चांगला दिसतो. मला खूप वाटलं, आत्ता एजन्सीतलं सगळं सांगून टाकावं. पण शेजारी चाचा इतके खुशीत बसले होते की जमलं नाही. त्यानंतर दोन दसरे झाले. दर वेळी अक्षतांची वाटी हातात घेतली की बायको तेच म्हणते, आणि मी गप्प बसतो. चाचा तर मरेपर्यंत सांगणार नाहीत, म्हणून शेवटी हे लिहिलं. माझं लिहिलेलं सगळ्यात आधी तीच वाचते.