पोळ्याच्या दिवशी जुपलेलं इंजिन

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूत, करणी, भानामती, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली. आईनं देव्हारा स्वतःच्या हातानं उतरवला आणि त्या कोनाड्यात चहा-साखरेचे डबे मांडले. अंगारे-धुपारेवाल्यांना ती दारातूनच वाटेला लावायची. तेव्हा "शांताबाई, तुम्हीसुद्धा?" असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणा. मला तिखटमीठ लावायची सवय नाही. झालं तेवढंच सांगते.

गोष्ट बडनेऱ्याची. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं धरा. माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होता. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीच्या ट्रेनिंगची वाट पाहत घरी बसलेली. वडील नव्हते. दादानं एक लहानशी व्हॅन आणली होती, पेट्रोलवर चालणारी, पण इंजिन पार मेलेलं. तिच्यात डिझेल इंजिन टाकायचं आणि अमरावती-बडनेरा माल वाहायचा, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं.

आई म्हणायची, "रेल्वेची नोकरी हाय ना बाप्पा, मंग हे उपद्व्याप काहून करून राहिला?"

दादाचं उत्तर ठरलेलं, "जल्मभर दुसऱ्याचीच गाडी दुरुस्त करू काय?"

इंजिन मिळालं तेल्हाऱ्याजवळ, एका शेतकऱ्याकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीच्या भंगारात निघालेलं जुनं डिझेल इंजिन. मोट ओढणारा बैल मेला तेव्हा त्यानं ते विहिरीवर बसवलं होतं, आणि आता विजेची मोटर आली म्हणून काढलं. आम्ही दोघं आणायला गेलो तर काय पाहावं! इंजिनाच्या पाठीवर गेरूचे ठिपके, पुढच्या बाजूला बेगड चिकटवलेली. शेतकऱ्याची म्हातारी आई त्यावर हात ठेवून उभी होती.

"याचं नाव पाखऱ्या हाय," ती म्हणाली. "मोटीचा पाखऱ्या गेला, त्याच्या जागी हा आला. आमी पोळ्याले याले जुपत नाई. आदल्या दिशी आवतन देतो, पोळ्याले पुरनाची पोळी. तुमीबी पोळ्याले जुपू नोका."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात — "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. कितीही अडलेलं काम असो, ठेवत नाहीत म्हणजे नाहीत.

दादा हसला. "आजी, आमी देवाले नाई मानलं, इंजनाले काय मानतो?"

म्हातारीला राग आला नाही. "नोका मानू. पन जुपू नोका," एवढंच म्हणाली.

आता इंजिन चढवायचं कुठं? आमचं घर आणि शेजारच्यांची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता, पलीकडच्या टोकाला भिंतीनं बंद. दादानं दोन्ही भिंतींवर आडवी लोखंडी बीम टाकली, तिला चेन-कप्पी अडकवली आणि व्हॅन तोंडाकडून बोळात ढकलली. डोकं कसं चालायचं पाहा त्याचं! अडचण एकच. बोळ इतका अरुंद की व्हॅनची बाजूची दारं उघडायचीच नाहीत, मागच्या दारातून रांगत आत जायचं. कित्येक सुट्ट्या त्यात गेल्या. पाना दे, चेन ओढ, दिवा धर... माझे हात तेव्हा शाईपेक्षा ग्रीसनं जास्त काळे असायचे.

पोळ्याच्या दिवशी दादाला सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी अमरावतीचा एक कापडवाला गाडी पाहायला येणार होता, तेव्हा आजच चालवून पाहू असं ठरलं. आई मावशीकडे गेलेली. अख्खी गल्ली पोळा पाहायला मैदानावर. म्हातारीचं बोलणं मला आठवलं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, बोलले तर दादा वर्षभर चिडवेल. गप्प बसले.

ऊन कलत होतं. मी ड्रायव्हरच्या जागी बसले. इंजिन माझ्या बाजूलाच, सीटच्या मधोमध उघडं, त्याचं झाकण अजून व्हायचं होतं. डिझेलचा डबा माझ्या मागे खिळ्याला टांगलेला. ब्रेकचे पाइप जोडायचे राहिले होते. मागच्या चाकांना मागच्या बाजूनं दगड लावले होते, पुढच्यांना नाही. दादा पुढं, व्हॅन आणि भिंत यांच्या मध्ये उभा राहून हँडल मारत होता. इंजिन सुरू झालं! दादानं हँडल काढून टोपी उडवली. मी आतून टाळ्या वाजवल्या.

आणि गिअर पडला. मी हात लावला नव्हता. दांडी आपली आपण पुढं गेली, व्हॅननं हिसका दिला आणि दादा भिंतीला चिकटला.

मी ओरडत दोन्ही पायांनी क्लच दाबला. व्हॅन थांबली. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी... क्लच दाबून धरला की इंजिन चालू राहतं पण चाकांना जोर मिळत नाही. सोडला की गाडी पुढं. आणि पुढं माझा भाऊ होता, मांड्यांवर बंपर, छातीवर जाळी.

"शांते, क्लच सोडू नोको!" दादा ओरडला. "काईबी झालं तरी पाय उचलू नोको!"

गिअर काढायला गेले, दोन्ही हातांनी ओढला, हलेना. इंजिन बंद करायची तार ओढली तर ती तुटून हातात आली. इंजिन थांबवायची डिझेल-पंपावरची कळ पलीकडच्या बाजूला, पाय न उचलता तिथं हात पोचेना. दादा म्हणाला, "डिझेलची नळी उपट." उपटली. डिझेल माझ्या पाठीवरून, लुगड्यावरून वाहत गेलं. डबा रिकामा झाला. "आता बंद पडन," दादा म्हणाला, "जरा दम धर."

ते बंद पडलं नाही. आवाज वाढला नाही की कमी झाला नाही. रवंथ केल्यासारखं एका लयीत चालतच राहिलं.

मी गल्लीला हाका मारल्या. शेजारच्या सखूबाईला, तिच्या सासऱ्याला, तोंडाला येईल त्याला. मैदानावर झडत्यांना, म्हणजे पोळ्यातल्या गाण्यांना, रंग चढला होता, ढोल-डफड्यांपुढं माझा आवाज कुठं पोचणार? दोन्ही बाजूंना भिंती. पाय आधी दुखले, मग थरथरायला लागले, मग ते माझे आहेत असंच वाटेना. मी गुडघ्यांवर हातांनी भार दिला. त्या पेटीत मी अडकले होते आणि उठायची मुभा असूनही उठू शकत नव्हते. उठले तर भाऊ मारला. इतकी भीती मला पुढं बाळंतपणातही वाटली नाही.

दादा आधी बोलत होता. मग नुसता "हं, हं" करायला लागला. मग तेही थांबलं. काचेतून त्याची मान कललेली दिसली.

तेव्हा मी जे केलं ते शुद्धीत केलं. उजवा हात त्या तापलेल्या इंजिनावर ठेवला, चटका बसला तरी काढला नाही, आणि म्हणाले, "पाखऱ्या... चुकलं बाप्पा आमचं. आज तुले जुपायचं नोतं. आवतन घे रे. उद्या जेवाले ये."

इंजिनानं एक जड सुस्कारा टाकला. बैल बसताना टाकतो तसा. आणि बंद पडलं.

मागच्या दारातून मी अक्षरशः कोसळले, रांगत गल्लीच्या तोंडाशी गेले. पोळ्याहून परतणारी माणसं धावली, दगड काढून त्यांनी व्हॅन मागं ओढली. दादाला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण जीव शाबूत. कंपाउंडरनं शर्ट काढला तेव्हा खिशातून एक लोखंडी पिन फरशीवर पडली. दादा तिच्याकडे पाहतच राहिला. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कळ आली.

"शांते," तो हळू म्हणाला, "हे क्लचची पिन हाय. मी बसवली समजलो होतो. घरी जाऊन गाडीखाली पाह्य बरं."

सकाळी मी व्हॅनखाली शिरले. क्लचच्या पेडलाची सळई इंजिनापर्यंत गेलीच नव्हती, सुटी लोंबत होती. पेडल दाबलं की त्याच्याच स्प्रिंगवर खाली-वर होत होतं. आणि गिअर अजून पहिल्यातच होता.

म्हणजे मी जीव खाऊन जे दाबून धरलं होतं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. इंजिन चालू, गिअर पडलेला, पुढं माणूस. दादाला माझ्या पायांनी वाचवलं नाही.

पुढं लोको शेडमधल्या लोकांना दादानं विचारलं. डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचंच ऑइल पिऊन चालतं, म्हणाले. पण तसं झालं तर ते पिसाळतं, आणि आमचं ऑइल तपासलं तर होतं तितकंच होतं. क्लचचं विचारल्यावर मात्र सगळे दुसरंच बोलायला लागले. ती गाडी मग बरीच वर्षं चालली. पोळ्याला नाही. एक्स्प्लनेशन म्हणाल तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आता या वयातही नाही, आणि कुणी उगाच शहाणपणानं सांगायला आला तर मला रागच येतो.

व्हॅनखालून निघाले ती सरळ चुलीशी गेले आणि हरभऱ्याची डाळ शिजत घातली. चटका बसलेल्या हाताला फडकं बांधून पुरण वाटत होते तेवढ्यात आई आली. तिला रात्रीच कळलं होतं, दादाकडून पिनेचं सगळं ऐकून ती दवाखान्यातूनच येत होती. दारात उभी राहून तिनं पाट्याकडे पाहिलं.

"हे कोनासाठी?"

मी मान वर केली नाही. "आवतन दिलं हाय."

आई उंबरा ओलांडून आत आली. मला वाटलं आता देव्हाऱ्याची गोष्ट काढेल. तिनं पदर खोचला, कोनाड्यातला चहाचा डबा सरकवला आणि मागून तुपाची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली.

"मंग तूप हात राखून नोको घालू," म्हणाली. "माह्या पोरासाठी जोर आवरून उभा होता तो."