आभाराला उभे राहणारे अप्पा

मराठवाड्यात आजवर जेवढे आभार मानले गेले असतील, त्यांतले निम्मे एकट्या अप्पांनी मानलेले आहेत. उरलेले निम्मे मानले नसते तरी चाललं असतं. आपल्याकडं सभेत आभार म्हणजे लोकांनी चपला शोधायची वेळ. पाहुण्यांचं भाषण संपलं की अर्धा मांडव उठतो, बाया लेकरांना हाका मारतात, आणि कुणीतरी बिचारा माईकसमोर उभा राहून गणपतीपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं एका दमात वाचून टाकतो. लातुरात मात्र उलटं होतं. तिथं पाहुणे बोलत असताना लोक चुळबूळ करायचे, आणि अप्पा उभे राहिले की पायात घातलेल्या चपला काढून पुन्हा बसायचे. भाषणाला कुणी का असेना, आभाराला अप्पा आहेत ना, एवढी चौकशी करून माणसं सभेला येत.

हे अप्पा माझे घरमालक. मी लातूरला बी.ए. करत होते आणि त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होते. आमचं गाव रेणापूरच्या पलीकडं. बाबा बाजाराच्या दिवशी अप्पांच्या दुकानातून सुतळी, दावी आणि रॉकेल न्यायचे, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला अप्पांच्या हवाली केलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हाही मोठ्यानं सांगायची आणि आताही सांगते. अप्पा कपाळभर विभूती लावून, काळी टोपी घालून दुकानात बसत. गिऱ्हाईक सुतळीचं बंडल घेऊन निघालं की बसल्या जागी म्हणत, "चार दुकानं ओलांडून माझ्याकडं आलास, तुझे आभार." गिऱ्हाईक उधारीवालं असलं तरी.

आभार हा त्यांचा छंद नव्हता, तो त्यांचा देहधर्म होता. एसटीतून उतरताना ते दारात उभे राहून मागं वळत आणि ड्रायव्हरनं खड्डे चुकवले, कंडक्टरनं म्हाताऱ्या बाईला जागा करून दिली, शेजारच्यानं खांद्यावर मान टाकून झोपू दिलं, या सगळ्यांचे आभार मानत. तोवर गाडी खोळंबलेली असे. शेवटी कंडक्टर दोरी ओढत ओरडायचा, "अप्पा, उतरा की वो! उरलेले आभार उद्याच्या फेरीला!" लग्नात अक्षता पडल्या की नवरा-नवरीच्या आधी अप्पा आचाऱ्याच्या चुलीकडं जात. एकदा देगलूरकडच्या एका लग्नात त्यांनी मांडवातली लाईट गेली नाही म्हणून वायरमनचे जाहीर आभार मानले आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लाईट गेली. अंधारातून अप्पांचा आवाज आला, "इतका वेळ टिकली, तितक्या वेळेचे आभार." त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणे. ती चिडली की तिच्या तोंडून माहेरची कानडी निघायची. "साकु, साकु! बस झालं! घरात सकाळपासून राबणारीचे आभार मानलेत का कधी?" यावर अप्पा खरोखरच उभे राहत, टोपी सारखी करत, आणि अक्का लाजून आत पळायची.

पण अप्पांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. जे मिळालं नाही त्याचे आभार ते मानत नसत. "खोटे आभार मानले की मला रात्री जेवण जात न्हाई," असं म्हणायचे. एका गल्लीत हापशाचं उद्घाटन होतं. पुढाऱ्यानं फीत कापली, दांडा धरून हापसलं, पुन्हा हापसलं, घाम आला, पाणी काही आलं नाही. अप्पा आभाराला उठले आणि म्हणाले, "पाहुण्यांनी लई जोरात हापसलं, त्यांच्या खांद्याचे आभार. पाण्याचे आभार पाणी आल्यावर मानू." लोक पोट धरून हसले. पुढारीही हसला, कारण सगळे हसत असताना न हसणं बरं दिसलं नसतं. मला तेव्हा वाटायचं, आपल्याकडं खरं बोलायला काहीच अडचण नाही, फक्त गमतीत बोलता आलं पाहिजे. गमतीलाही एक कुंपण असतं हे मला ठाऊक नव्हतं. ते अप्पांना मात्र पक्कं ठाऊक होतं, हे नंतर कळलं.

लातूर नुकता जिल्हा झाला होता. जिकडं तिकडं कमानी उभ्या राहत होत्या, ऑफिसांवर नव्या पाट्या चढत होत्या, आणि नळाला पाणी नव्हतं. पावसानं डोळे वटारले होते. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहासाठी रोज सकाळी टँकर यायचा आणि वसतिगृहासमोरून सरळ पुढं जाऊन संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यात शिरायचा. बंगल्यातली हिरवळ हिरवी होती, आणि माझ्या मैत्रिणी घागरी घेऊन गल्लोगल्ली हिंडत होत्या. स्नेहसंमेलनाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा." मी खेड्यातली. विचारा म्हटल्यावर विचारायचं असतं असं समजणारी. मी उभी राहिले आणि म्हणाले, "टँकर पोरींच्या नावाचा, मग पाणी तुमच्या बागेत कसं जातंय?"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. म्हणाले, "नव्या जिल्ह्याचा आनंदसोहळा आहे आपल्या मैदानावर. तिथं स्टेजवर यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, मी गैरसमजातून बोलले, माफ करा. पाठ करून ये. नाहीतर परीक्षेचं हॉलतिकीट देणं माझ्या हातात राहणार नाही." मी शेवटच्या वर्षाला होते. वर्ष बुडालं असतं तर बाबांनी मला परत नेलं असतं, आणि पुढच्या पंचमीला मी कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापत असते. यात बाबांचा राग धरण्यासारखं काही नव्हतं. एक वर्ष जास्तीचं शिकवायची ऐपतच नव्हती.

संध्याकाळी जेवताना अप्पांनी विचारलं, "माफी कशाची मागायलीस?"

"प्रश्न विचारल्याची."

"प्रश्न खोटा हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

अक्का ताटात भाकरी आपटत म्हणाली, "मंग काय मंग! मागून टाक पोरी. शब्दच हाय, तोंडाला भोक पडत न्हाई. आणि तुम्ही हो, तुम्ही मधी पडू नका. रॉकेलचं लायसन सरकारचं हाय, आणि सरकार त्या अध्यक्षाच्या वट्यावर चहा पितंय. साकु!"

अप्पांनी वरण भुरकलं आणि अक्काचे आभार मानले. वरणाबद्दल.

सोहळ्याला सगळं गाव लोटलं होतं. कार्यक्रम असा ठरला होता: हारतुरे, भाषणं, मग माझी माफी, मग अध्यक्षांचं समारोपाचं भाषण आणि शेवटी अप्पांचे आभार. मी स्टेजच्या पायरीशी उभी होते. वाक्य पाठ होतं. सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, "आता एक विद्यार्थिनी दोन शब्द..." आणि टोकाच्या खुर्चीवरून अप्पा उठले. "एक मिनिट, सर," म्हणत त्यांनी माईक हातात घेतला. सरांना काही कळायच्या आत पब्लिक खूष होऊन नीट सरसावून बसलं. आता त्यांना खाली बसवायची कुणाची छाती होणार?

त्यांनी मंडपवाल्याचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, हार गुंफणाऱ्या बायांचे मानले. मग म्हणाले, "टँकरच्या ड्रायव्हरचे आभार. त्यानं एक दिवस खाडा केला न्हाई. जिथं वता म्हणले तिथं वतलं, त्याचा काय दोष न्हाई." माईकवाल्यानं आवाज थोडा वाढवला. "या पोरीचे आभार. तिला विचारा म्हणले, तिनं विचारलं. आणि सगळ्यात मोठे आभार अध्यक्षसाहेबांचे. उद्या सकाळपासून टँकर पोरींच्या हौदात रिकामा होणार हाय. साहेबांनी तसं अजून सांगितलं न्हाई, पण ते हसायलेत, त्यावरून मी वळखलं." अध्यक्ष खरंच हसत होते. स्टेजवर बसल्यापासून चेहऱ्यावर ठेवलेलं ते हसू त्यांना आता काढताही येईना. टाळ्यांनी मांडव हलला. टाळ्या थांबायची वाट न बघता अप्पा म्हणाले, "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो," आणि आपल्या घोगऱ्या आवाजात त्यांनी थेट राष्ट्रगीत सुरू केलं.

सगळे उठून ताठ उभे राहिले. अध्यक्ष उभे, प्राचार्य उभे, पायरीवर मीही उभी. राष्ट्रगीत संपलं आणि लोक घरी निघाले. आभार झाल्यावर आपल्याकडं कार्यक्रम उरत नाही. हा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडायची हिंमत अध्यक्षांनाही झाली नाही. मंडपवाल्याची माणसं खुर्च्या मिटायला लागली आणि माझी माफी तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी टँकर हौदावर आला. एवढ्या लोकांदेखत आभार घेतल्यावर अध्यक्षांना दुसरं काही करताही येईना. हॉलतिकीटही मिळालं. देताना प्राचार्य इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "अप्पांना नमस्कार सांग." पण पावसाळा लागायच्या आत अप्पांचं रॉकेलचं लायसन गेलं. का गेलं ते कुणी सांगितलं नाही, आणि अप्पांनी विचारलं नाही. लायसन गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. सुतळी होती, दावी होती, अक्का होती. वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. त्या दिवसानंतर त्यांना आभाराला कुणी बोलावलं नाही. निमंत्रणं द्यायची माणसं दुकानावरून जाताना सायकलीचा वेग वाढवू लागली. अप्पा तरीही सभांना जात. मागं, खांबाला टेकून बसत. शेवटी कुणी पोरगा "सर्व ज्ञात-अज्ञातांचे आभार" म्हणून मोकळा व्हायचा, लोक चपला शोधायला लागायचे, आणि खांबाशी अप्पांचे ओठ हलत राहायचे. ते मंडपवाल्यापासून सगळ्यांना नीट, नावानिशी, एकेक करून आठवत असायचे.

मी पास झाले त्या दिवशी बाबा पेढे घेऊन आले होते. मी पेढा घेऊन बाबांबरोबर दुकानात गेले. अप्पा सुतळी गुंडाळत बसले होते. मी पाया पडले, समोर उभी राहिले आणि म्हणाले, "अप्पा, आज मला तुमचे..."

त्यांनी हात वर केला. "थांब. आभार मानले की कार्यक्रम संपतो, पोरी. तुझा आत्ता कुठं सुरू झालाय."

मग पेढा तोंडात टाकून ते बाबांकडं वळले आणि पेढे ताजे आणल्याबद्दल त्यांचे सविस्तर आभार मानू लागले. बाबा अवघडून नुसते मान हलवत राहिले.

पुढं मी नायगावला कॉलेजात शिकवू लागले, बरीच वर्षं शिकवलं, पुष्कळ सभांतून बोलले, काही ठिकाणी बोलल्याचे परिणामही भोगले. अप्पा जाऊन आता खूप दिवस झाले. त्यांचे आभार मी अजून मानलेले नाहीत.