हरलेल्या अध्यक्षांचं पान

दोहातलं आमचं मराठी मंडळ लहान आहे, तरी त्या वर्षी निवडणूक चांगलीच रंगली. बरीच वर्षं अध्यक्ष असलेले वसईचे काका हरले. ते इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करायचे. शुक्रवारी चर्चला जाऊन आले की मंडळाच्या कामाला लागायचे. त्यांच्या जागी आयटीतला एक तरुण निवडून आला. त्याच सभेत स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं. मंडळाचा इतिहासही मीच लिहायचा होता.

हळूहळू काकांबद्दलच्या गोष्टी वाढायला लागल्या. आधी ते नुसते हेकट होते. मग माइक सोडत नसत. मग त्यांनी म्हणे कोणाच्या तरी मुलीला नाच चालू असताना स्टेजवरून उतरवलं होतं. कोणाची मुलगी, ते कोणालाच सांगता येईना. अशात नव्या अध्यक्षांचा फोन आला.

"ताई, जुनं सगळं एका पॅरेग्राफमध्ये खलास करा. कोण वाचतंय?"

दोहाच्या अल नस्र भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी कुटुंब राहतं. नवरा मेसईदच्या कारखान्यात इंजिनियर. बायको तिच्या गावी शाळेत इतिहास शिकवायची. आमच्या मुली एकत्र खेळतात, त्यामुळे संध्याकाळचा चहा आम्ही दोघी बरोबरच घेतो. तिला मी हे सगळं सांगितलं.

"आमच्याकडे बुडालेल्या घराण्याचा इतिहास नव्या घराण्याच्या हाताखाली लिहिला जायचा," ती म्हणाली. "त्यात शेवटचा राजा नेहमी सारखाच. दारूचं तळं खोदणारा, बाईच्या नादाने माणसं मारणारा. दोन घराणी शेकडो वर्षांच्या अंतराने बुडाली आणि दोघांच्या शेवटच्या राजांची पापं जवळजवळ तीच!"

"म्हणजे सगळं खोटं?"

"सगळं नसेल. पण खरं किती, ते कळायची आता सोय नाही."

मग तिने हान घराण्याच्या संस्थापकाशी लढून हरलेल्या सरदाराची गोष्ट सांगितली. नदीकाठी नावाडी होडी घेऊन उभा होता. पण ज्यांची मुलं आपल्याबरोबर येऊन मेली, त्यांना तोंड कसं दाखवायचं, म्हणून तो होडीत चढलाच नाही. हे लिहिणारा इतिहासकार हान दरबारातलाच. तरी त्याने आपल्या ग्रंथात या शत्रूला थेट सम्राटांच्या भागात बसवलं. त्याचं शौर्य लिहिलं, क्रौर्यही लिहिलं. आपलं चुकलं असं न म्हणता तो सरदार शेवटपर्यंत दैवाला दोष देत राहिला, हेही सोडलं नाही.

"मग त्या इतिहासकाराला शिक्षा नाही झाली?"

"झाली. फार वाईट झाली, पण दुसऱ्याच कारणासाठी. पुढे त्याच घराण्याच्या दुसऱ्या इतिहासकाराने मात्र त्या सरदाराला सम्राटांमधून काढलं आणि एका बंडखोराच्या जोडीला नेऊन बसवलं."

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला. मंडळाचा पहिला कार्यक्रम कसा झाला, ते त्यांनी भरभरून सांगितलं. अल मन्सूरातल्या एका खानावळीत, टेबलं भिंतीला लावून. मग मी निवडणुकीचं विचारलं.

"मी हरलो कुठे, बाय? मेसईदची बस उशिरा आली. माझी सगळी माणसं तिच्यात. बस वेळेवर येती तर बघितलं असतंस."

मी खानावळ लिहिली, त्यांचा हेकटपणा लिहिला, बसही लिहिली. नाचणारी मुलगी मात्र सापडली नाही, म्हणून वगळली. काकांचा फोटो आजवरच्या अध्यक्षांच्या पानावर लावला.

"यांना इथे कशाला?" नव्या अध्यक्षांनी विचारलं.

"अध्यक्ष होते ना."

"बरं, बघतो."

छापून आलं तेव्हा अध्यक्षांच्या पानावर फोटो एकच होता, नव्यांचा. काका आणि त्यांचा मजकूर पाककृतींच्या मागे गेला होता. शब्द मात्र एकही बदललेला नव्हता. मी वाद घातला नाही. मंडळ आता नव्या अध्यक्षांचं होतं आणि मलाही पुढच्या कार्यक्रमांना जायचं होतं.

आठवड्याने काकांचा फोन आला. "मला हेकट लिहिलंस?"

"हो, काका."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मागे टीव्ही चालू होता.

"खानावळीचं बरं लिहिलंयस," ते म्हणाले. "चार प्रती बाजूला काढून ठेव. वसईला द्यायच्यात."